अन्नपूर्णा विलासचा यजमान

४ डिसेंबर २००६, सोमवार

पोहोचलो एकदाचा! दोन बस आणि एक रिक्षा. रिक्षातला मीटर देवघरातल्या शंखासारखा, फक्त ठेवायला. पण घर पाहिलं आणि सगळा शीण उतरला. मद्रासबाहेर ईस्ट कोस्ट रोडवर, कोवलमच्या पुढे, नारळाच्या बागेत 'अन्नपूर्णा विलास'. पुढे बर्मा सागाचे खांब, आत काळ्या-पिवळ्या फरश्यांचा चौक, मागच्या ओसरीवरून थेट समुद्र. शंभर वर्षांचं घर दोन वर्षं खपून नवं केलंय. मालक म्हणजे जुन्या मालकिणीचे अमेरिकेतले भाचे. ते स्वतः इथे एक दिवसही राहिले नाहीत म्हणे. शहाणेच!

मंदारसरांनी निघताना स्पष्ट सांगितलंय: संक्रांतीच्या आत घर विकून दे, पुण्याच्या ऑफिसातली खुर्ची तुझी. नाहीतर आणखी वर्षभर मद्रास. क्षमाला सहावा महिना सरत आलाय. मला बाळाचं बारसं फोनवर ऐकायचं नाही.

रखवालदार तुळजाजी फाटकाजवळच्या खोलीत एकटेच राहतात. वय सत्तरीचं, तंजावरी मराठी. त्यांचं बोलणं माझ्या पणजोबांच्या पत्रांसारखं वाटतं, फक्त मध्ये तमिळ पेरलेलं. जेवण त्यांच्याकडेच. एवढंच बजावलं, "आतलें स्वयंपाकघर पाहावें, चूल पेटवूं नये, स्वामी." नव्या रंगावर काजळी धरेल म्हणून असेल. मी मान डोलावली.

५ डिसेंबर

तुळजाजींची फिल्टर कॉफी छान, पण मला सकाळी चहाच लागतो. आणि आईचा फोन आलाच: नव्या जागेत गेलायस, आधी दूध उतू जाऊ दे, मग काय ते काम कर. म्हटलं, घर पटकन खपणार असेल तर दूध काय, श्रीखंडही उतू घालतो.

स्वयंपाकघरात ओट्यावर गॅसची नवी शेगडी गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवली आहे, सिलिंडरसकट. दूध ठेवलं, पूर्वेकडे छान उतू जाऊ दिलं, वर चिमूटभर साखर टाकून नमस्कारही केला. चहा फक्कड झाला.

तुळजाजी दारात येऊन उभे होते. शेगडीकडे बघत राहिले. "अय्यो, हें काय केलेंत," एवढंच म्हणाले. मग बाहेर जाऊन पुढचा उंबरठा धुतला आणि हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळपासून मला 'स्वामी' म्हणत नाहीत, 'यजमान' म्हणतात. थट्टा करत असतील. चांगलं वाटलं खरं तर.

९ डिसेंबर, शनिवार

पहिलं गिऱ्हाईक. सिरुसेरीच्या आयटी कंपनीतलं जोडपं, चारुलता आणि तिचा नवरा. खांब, फरश्या, समुद्र, सगळ्याला वाहवा. नवरा बागेत मोजमापं घेत होता. चारुलता स्वयंपाकघरात गेली आणि दहा मिनिटांनी बाहेर आली, कपाळाला ताजं कुंकू लावून. इंग्रजीत म्हणाली, तुमच्या मावशी किती गोड आहेत, पण राहतं घर का विकताय? आम्हाला असं कुणाला उठवून घ्यायचं नाही. मी म्हटलं, मावशी नाहीत, इथे कुणी राहत नाही. नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं आणि गाडीत बसले.

कमाल झाली! कुठली बाई? तुळजाजींना विचारलं तर खाली मान. म्हणजे हाच म्हातारा कुणाला तरी आत घुसवतोय. घर विकलं तर याची खोली जाणार ना!

१६ डिसेंबर

नारायणस्वामी, हॉटेलवाले. वीस मिनिटांत घर पसंत. मी मनात पुण्याचं तिकीट काढलंसुद्धा. एवढ्यात ते हात धुवायला आत गेले. परत आले ते माझे दोन्ही हात धरून. घरात बाळ येणार असताना घरधन्याने वास्तू विकू नये म्हणाले. आतल्या थोरल्या बाईंनी त्यांना सांगितलं की सून सातव्यात आहे, ओटी इथेच भरायची.

क्षमाचं मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही. तुळजाजींनाही नाही.

मंदारसर फोनवर ओरडले ते वेगळंच. दोन तयार गिऱ्हाइकं कशी घालवली म्हणाले. काय सांगू त्यांना?

२० डिसेंबर

आज डोकंच फिरलं. स्वयंपाकघरात गेलो तर दोन पाट मांडलेले, पुढे केळीची पानं, आणि शेजारी तिसरा पाट. लहान. बाळाचा.

तुळजाजींना बोलावून वाट्टेल ते बोललो. मग ते पहिल्यांदा नीट बोलले. अन्नपूर्णाबाई या घराच्या शेवटच्या मालकीण. लेकरू नव्हतं. नवरा गेल्यावरही दोघांची पानं मांडून वाट पाहत राहिल्या, त्याच ओट्याशी गेल्या. या घरात जो दूध उतू घालील तो घरचा यजमान. म्हणून भाच्यांनीही कधी शेगडीला हात लावला नाही. बाईंना मुलगा हवा होता, तो मी झालो. आता त्या सुनेची वाट बघतील.

मी हसलो. मोठ्याने हसलो आणि म्हटलं, आजच्या आज खोली सोडा. हे सगळं नाटक तुमचंच आहे. म्हातारा भांडला नाही. ट्रंक घेऊन तंजावरच्या बसला गेला. जाताना म्हणाला, सून आली तर तिला फाटकाशीच अडवा. मी नसेन, तर कोण अडवील?

स्वयंपाकघराला कुलूप लावलं. बरं वाटलं.

२३ डिसेंबर

कुलूप उघडलेलं. पाट तिथेच.

गेलं खड्ड्यात घर आणि गेली खुर्ची. सकाळी बॅग भरली आणि निघालो. फाटकाशी पोहोचलो आणि वास आला. दूध उतू जाण्याआधीचा, तो गोड, करपट वास. आपण कुठेही असलो तरी पाय धावतातच. धावत गेलो. शेगडी थंड. भांडंच नाही.

पुन्हा निघालो. पुन्हा फाटक, पुन्हा वास. पाच वेळा. पाचव्यांदा नाकाला रुमाल बांधला होता. तरी गेलो. माझेच पाय माझं ऐकत नाहीत, याचा इतका संताप आला की फरशीवर बसून रडलो.

म्हाताऱ्याला हाकलून मीच चूक केली.

२७ डिसेंबर

क्षमाचा फोन. मोबाइलला रेंज फक्त गच्चीवर. एकदम खुशीत होती. म्हणाली, तुझ्या घरमालकीणबाईंचा फोन आला होता, काय गोड जुनं मराठी बोलतात रे! डोहाळजेवण इथेच करू म्हणाल्या, पाळणाही टांगलाय. तू कसा बोलला नाहीस? मी निघालेय, उद्या रात्री गाडी, तिकीट —

मी ओरडलो, येऊ नको. ती म्हणाली, तुझं हे नेहमीचंच, मी आले की तुझ्या कामाचा खोळंबा. रुसली. फोन ठेवला. नंतर तिचाच काय, कुणाचाच नंबर लागत नाही.

घरात फोन आहे. काळा, जुना, शोभेचा. त्याला वायरच नाही.

तिचा नंबर या वहीच्या पहिल्या पानावर आहे. रोज चहा घेताना वही मी ओट्यावरच ठेवत होतो.

२९ डिसेंबर

दिवसभर गच्चीवर. फोन बंद, फोन बंद. रस्त्यावरच्या लोकांना हाका मारल्या. एकाने वर बघून हात हलवला, घरच्या माणसाला हलवतात तसा.

आत पाळणा टांगलाय. करकरतो —

३० डिसेंबर, सकाळी दहा

रिक्षा थांबली. क्षमा. एका हातात बॅग, एक हात कमरेवर. फाटक सताड उघडं, अडवायला कुणी नाही. हाक मारतोय, तिला ऐकू जात नाही. हसतेय. लांबूनच.

उंबरठ्यावर पितळी माप, तांदळाने शिगोशीग. उचलायला गेलो, हलत नाही. मीच दारात उभा राहतो. हात पसरून उभा राहीन. तिला ओलांडू देणार नाही. हे पान फाडून तिच्याकडे टाकतो —

क्षमा, इथूनच परत जा. मागे बघू नको. बाळाची शपथ —

नारळाच्या झाडांपर्यंत आली. आता पावलं दहा-बाराच. मी दारातच आहे, हलणार —

वास येतोय. दुधाचा.

शेगडी बंद आहे. मला माहीत आहे. भांडं नाही. मला माहीत आहे, मला सगळं माहीत आहे, पण करपतंय, फक्त एकदा बघून लगेच —