काळ्या भिंतीपलीकडचं पाणी

१५ एप्रिल, मंगळवार
विहीर तीस फूट खाली गेली, आणि कोरडी! पेणच्या शाळेतली नोकरी सोडल्यावर हातानं लावलेली दोनशे आंब्याची कलमं वर वाळतायत.

विहीर खोदणारे बाबाजी म्हणाले, "बाई, काळी भिंत लागली. पहार टणकन उडते." उतरून पाहिलं. उभी, सात-आठ फूट जाड, आडवे तडे, रचलेल्या सरपणासारखे. ओळखली. भूगोल शिकले त्याला चाळीस वर्षं झाली, तरी ओळखली. डाइक!

१६ एप्रिल
बाबाजींना सांगितलं, ही ज्वालामुखीची वाट. हसले. "डोंगर कुठाय? टोकाला भोक नाय, धूर नाय!"

म्हटलं, सगळे ज्वालामुखी शंकूसारखे नसतात. लाव्हा घट्ट असला तर तोंडाशीच साचतो, वर राख पडते, डोंगर होतो, माथ्यावर खळगा राहतो. इथे जमीनच लांबलचक फाटली. खोलवर वितळलेला खडक भेगांतून वर आला. पातळ, म्हणून दूरवर पसरला. थरावर थर — त्यातलाच हा सह्याद्री. भेगेत उरला तो तिथेच गोठला, तीच ही भिंत, डाइक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी!

"मंग पाणी?"

भिंतीतून येत नाही, म्हटलं. वरच्या अंगाला अडून राहतं.

बोलले, आणि मग आठवलं. वरच्या अंगाला शेजारणीची, रंभाची विहीर आहे.

१७ एप्रिल
भिंतीची रेघ धरून चढ चढले. रंभाच्या परसाखालूनच जाते. तिच्या विहिरीत एप्रिलमध्ये दोन पुरुष पाणी! "आमची हीर कदी आटली नाय, बाय. सहा घरां पितात." तिनं ताक दिलं. प्यायले.

बाबाजी विचारतात, "सुरुंग लावू? भिंत फुटली की पाणीच पाणी."

नाही म्हटलं. स्पष्ट. येईल ते रंभाच्या विहिरीचं.

१९ एप्रिल
आणखी अकरा कलमं गेली. बाबाजींची माणसं उद्या रोह्याच्या कामावर जाणार. "बाई, व्हय की नाय, एकदाच सांगा!"

पावसात रंभाची विहीर पुन्हा भरेल, असं स्वतःला सांगते आहे. मूर्खपणा! भरेल, आणि भिंतीतल्या भोकातून खाली येईल.

२० एप्रिल
सकाळी सुरुंग उडाला. मीच हो म्हटलं. दुपारी कमरेइतकं पाणी.

नव्या पाण्याची ओटी भरायला सगळ्यांत आधी रंभा आली. नारळ, हळद-कुंकू. "देवी पावली गो, बाय!" वाकून तिनं ते पाणी डोळ्यांना लावलं.

तिच्याच विहिरीचं ते पाणी.