बांधातला डबा

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

डबा उघडायलाच नको होता! निदान ओट्यावर, दुसऱ्या माणसासमोर तरी नको.

सकाळी नवऱ्याचं धातू हुडकायचं मशीन घेऊन निघाले होते. शेतात गाडलेली लोखंडी पाइपलाइन शोधायला त्याला ते लागतं. मला मात्र महिनाभर त्याचा नादच लागलाय. आतापर्यंतची कमाई — एक नाल, एक मोडका फाळ, एक ढब्बू पैसा. आज मानसिंग आणि फुलाबाई यांच्या रानांमधल्या बांधावर, बाभळीखाली मशीन कुईं करून ओरडलं. बांध म्हणायचा आपला. पूर्वी त्यावरून बैलगाडी जायची म्हणे, आता वीतभर उरलाय. दगड बाजूला केले तर खाली पिशवीत गुंडाळलेला पत्र्याचा डबा.

घरी आणून उघडत बसले. शेजारच्या कुशाबाई — मानसिंगची आई — कांद्याची पात निवडत तिथंच होत्या. आत बोटाएवढी बाहुली. सेफ्टी पिन. लिंबासारखी पिवळी गोटी. केस अडकलेली एक क्लिप. आणि गुंडाळी केलेला कागद. वरचा मजकूर पाण्यानं धुऊन गेलेला, खाली नुसती नावं आणि तारखा.

मी मोठ्यानं वाचत सुटले! शाळेत शिकवायची सवय — हातात कागद आला की वाचायचा. ओजस. राजलक्ष्मी. इंद्रजित, बारा जानेवारी...

कुशाबाईंच्या हातातली पात खाली पडली. "काय म्हनलीस? बारा तारखंलाच आमचा इंद्रा गाडीवरनं पडला की गं!"

इंद्रजित त्यांचा नातू. मांडीत सळई घातलीय, अजून अंथरुणावरच आहे.

"कुटं घावला ह्यो डबा?"

मी सांगितलं. खरं तेच सांगितलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

मलाही भीती वाटली. इथं तरी ते लिहावं. करणी वगैरे काही नसतं, असं विज्ञानाच्या तासाला मुलांना दर वर्षी सांगते. तरी काल हात साबणानं तीनदा धुतले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

वाडीत एकच बोलणं, इंद्रजितवर करणी फुलाबाईनंच केली. डेअरीवर आज तिचं दूध घेतलं नाही. "फॅटचं मशिन बंद हाय, म्हातारे." आणि तिच्या मागच्याचं घेतलं! सत्तरीची बाई, मागंपुढं कुणी नाही, एक म्हैस आणि दीड एकर रान. किटली उचलून मुकाट्यानं गेली. मी रांगेतच होते. रांग सरकली तशी पुढं सरकले. का?

संध्याकाळी मानसिंग कागद मागायला आला. मी धीर करून म्हटलं, फुलाबाईला सहीसुद्धा येत नाही, अंगठा करते. ह्यावर तर पाच-सहा जणांची अक्षरं आहेत, निम्मी इंग्रजीत!

"लिवून घेतलं आसंल की. लिवनारं कुनीतरी शिकल्यालंच पायजे. न्हाय का, मॅडम?"

आणि तो माझ्याकडे बघत राहिला. कागद देऊन टाकला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शाळेतून येताना मानसिंगच्या रानाशी थांबले. गेणू त्याचा ट्रॅक्टर चालवतो. नांगरत आला आणि बांधाच्या अलीकडेच, चांगलं दहा फूट रान सोडून वळला. मानसिंग रस्त्यावरून ओरडला, "म्होरं घे की लेका! तुज्या बापानं सोडलंय व्हय त्ये?"

"मालक, तुमीच चालवा मग. माजी पोरं ल्हान हायती."

मानसिंग काही चढला नाही.

आता ट्रॅक्टरसुद्धा तिला भितोय! दुसऱ्या कुणाला कुणी इतकं भ्यालं असतं तर हसले असते. पण माणसं ज्याला भितात त्याला सोडत नाहीत. पेपरात काय कमी वाचलंय?

घरी येते तर नवी बातमी. बुधवारी पुनवेला लांबून कुणी देवऋषी येणार. फुलाबाईला त्याच्यापुढं बसवणार. कबूल झाली तर उतारा, नाही झाली तर वाडीच्या बाहेर. कुशाबाई हे सगळं भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या. मी विचारलं, बाहेर म्हणजे कुठं? "कुटंबी जाऊ दे की. आमच्या पोराच्या जिवावर उठलीया ती."

आणि तो कागद मी वाचला. मोठ्यानं. चांगल्या खणखणीत आवाजात.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पोलिसांना दोनदा फोन लावला, दोनदा वाजायच्या आत कापला. पहिला प्रश्न विचारतील, डबा उकरला कुणी?

नवरा म्हणाला, "तू मधे पडू नकोस. मशीन आपलं आहे. उद्या म्हणतील, मास्तरीण आणि म्हातारी मिळून गुप्तधन काढत होत्या. मग काय करशील?"

फुलाबाईच्या घरावरून जायचं टाळते, म्हणून शाळेला लांबून फेरा पडतोय.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज पुन्हा मशीन घेऊन गेले. विचार एवढाच — तसला डबा दुसरीकडेही निघाला तर फुलाबाईचा संबंध तुटेल. पिशवी चांगल्या जाडीची होती, क्लिप शहरी. म्हणजे कुणी तरी परकं. परका माणूस गाडी कुठं थांबवेल? एकटं झाड, पाणवठा, लांबवर दिसेल असा माळ. अशा जागा हुडकत हिंडले. माणूस दिसला की मशीन साडीच्या पदराखाली! मशीन कसलं लपतंय!

चौथ्या जागी, सुप्याच्या अलीकडं, माळावरच्या पडक्या चौकीमागं कुईं झालं.

झाकण उघडायची छाती होईना. दहा मिनिटं उन्हात नुसती बसले. आतही एखादं ओळखीचं नाव निघालं तर? माझंच निघालं तर? — हो, हे मनात आलं. एम.एस्सी. झालेल्या बाईच्या.

आत एक भोवरा, एक परदेशी नाणं, नावांचा कागद. पण ह्याच्या वरचा मजकूर कोरडा होता. इंग्रजीत लिहिलेलं: हा खेळ आहे. डबा सापडला, अभिनंदन! आपलं नाव आणि तारीख लिहा, हवी तर एक वस्तू घ्या, एक ठेवा, आणि डबा होता तिथंच ठेवून द्या.

उत्कर्षाला पुण्याला फोन केला. लेक हसायलाच लागली. "अगं आई, जिओकॅशिंग म्हणतात त्याला! मोबाईलवर जागा दाखवतात, शोधायची, नाव लिहायचं. तू कुणाचा तरी खेळ उचलून आणलास!"

कुणी एक इंद्रजित. रविवारी बाभळीखाली थांबला, नाव लिहिलं, निघून गेला. आणि इथं...

मी रडले. तिला वाटलं, मीही हसतेय.

सोमवार, १० फेब्रुवारी

सांगायला पाहिजे. कधी? उद्याच. परवा पुनव.

नाही पटलं तर? म्हणतील, दुसरा डबाही हिनंच पुरला. मग देवऋषीपुढं फुलाबाईशेजारी मी. शाळेतले पालक, शाळेतली मुलं... नवरा जेवला नाही. "तुला काय करायचं ते कर" म्हणाला, म्हणजे करू नकोस.

आणि मी कुणासाठी बोलणार आहे? तिच्या जिवासाठी, की माझ्या मनाला लागलेली टोचणी जावी म्हणून? दिवसभर स्वतःला हेच विचारलं. दोन्ही असेल. दोन्ही असलं तरी बोललंच पाहिजे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बोलले!

डेअरीवर, सकाळी, सगळे जमलेले असताना. पाठ भिंतीला टेकवून उभी राहिले. दोन्ही डबे काट्याशेजारी ठेवले. दुसऱ्यातला कागद वाचून दाखवला, मराठी करून सांगितला. उत्कर्षानं फोनवर नकाशा पाठवला होता. त्यात आपला रस्ता, आपली बाभूळ, त्यावर हिरवा ठिपका. फोन हातोहात फिरला. मानसिंगनं बोटांनी नकाशा मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मला वाटलं, संपलं आता.

मग कुशाबाई म्हणाल्या, "मंजी त्ये माज्या नातवाचं नाव न्हाय?"

"नाही हो. शहराकडचा कुणी तरी आहे."

"मंग त्या मुडद्याला दुसरं नाव घावलं न्हाय व्हय!"

सगळे फुटलेच. गेणू कपाळावर हात मारून म्हणाला, "आन् मी येड्यावानी मोकळं रान सोडून आलो!" त्याला दिवसभर चिडवायला विषय मिळाला. सगळ्यांत मोठ्यानं मानसिंग हसला. "पोरखेळ निघाला की वो, मॅडम!" तिथूनच त्यानं देवऋषीला फोन करून नको म्हणून सांगितलं.

फुलाबाई तिथं नव्हती. तिच्या कानावर जाईलच.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पौर्णिमा. काहीही झालं नाही. डेअरीवर फुलाबाईचं दूध घेतलं म्हणे. दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

डबा होता तिथं ठेवायला गेले. जागा सापडेना. बाभूळ आहे, बांध नाही. काल गेणूनं नांगर आरपार घातलाय — फुलाबाईच्या रानातही नांगराच्या चार ओळी आत.

ती ढेकळांत बसली होती. म्हणाली, "सोळा वर्सं बांध कोरत्यात. ह्यो एकच आठवडा कुनी पाय टाकला न्हाय."

मी म्हटलं, "पण ते तुम्हाला वाडीबाहेर काढणार होते, फुलाबाई!"

"ठावं हुतं मला."

एक ढेकूळ हातानं फोडलं. मग म्हणाली, "गावाला सांगायच्या आदी मला एकदा इचारायचं हुतं, बाई."