अकरा दिवसांची हजेरी

३ फेब्रुवारी

कागद मिळाला! सिमेंटच्या पोत्याचा. आतला पदर कोरा निघाला, दोऱ्याने शिवून वही केली. पेन्सिल नखाएवढी आहे, तेव्हा लिहिताना हात आखडता. कैदेचा आज सत्तावन्नावा दिवस.

शेजारच्या फळीवर घड्याळजी झोपतो. घरी त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. पकडलं त्याच दिवशी त्याचं मनगटी घड्याळ काढून घेतलं, पण गड्याचं अडत नाही. भिंतीवरची उन्हाची तिरीप बघतो आणि सांगतो, "साडेदहाला पाच कमी." आणि पाच मिनिटांनी पहारा बदलल्याची शिट्टी! मी चाटच पडतो.

पावही तोच कापतो. सहाजणांत एक पाव, ताणलेल्या दोऱ्याने. त्याने कापला की कुणी दुसऱ्याच्या तुकड्याकडे बघत नाही. उपाशी माणसं — आणि बघत नाहीत!

५ फेब्रुवारी

आज सगळ्यांच्या नकला केल्या. बराक पोट धरून हसली. सगळ्यांत छान जमतो तो घड्याळजी. हजेरीत नाव आलं की आधी घसा खाकरतो, दोनदा, घड्याळाला चावी दिल्यासारखा. मग बारीक आवाजात, शेवट लांबवून — "हजऽर."

"माझी बायकोसुद्धा फसेल," म्हणाला आणि हसायला लागला. हसता हसता खोकला. तो थांबेचना. बायकोचे दिवस भरत आलेत.

७ फेब्रुवारी

घड्याळजीला उठवत नाही. आजाऱ्यांनी फळीवरूनच हजेरी दिली तरी चालते. माझ्या दुसऱ्या बाजूला आमच्या सहांतलाच ड्रायव्हर तापाने फणफणलाय, नुसता हाडांचा सापळा.

दुपारी घड्याळजीने मला जवळ बोलावलं. "मी गेलो तर लगेच बोंब मारू नकोस. माझा पाव चालू ठेव, ड्रायव्हरला दे. नक्कल येतेच तुला."

"गप रे. अभद्र बोलू नकोस."

"अभद्र काय त्यात? पाव फुकट जाईल तो."

८ फेब्रुवारी

पहाटे गेला.

आठला हजेरी. त्याचं नाव पुकारलं. मी घसा खाकरला, दोनदा.

पाव आला.

११ फेब्रुवारी

आमच्या कोपऱ्यात भिंतीला आतूनही बर्फ धरतो, म्हणून निभतंय. त्याचं तोंड भिंतीकडे केलंय, कांबळं कानापर्यंत. माझ्यापासून हातभर अंतरावर. भीती वाटायला हवी होती. वाटत नाही. मी त्याच्याशी बोलतो!

ड्रायव्हरला पाव पाण्यात भिजवून भरवतो. त्याला सांगितलेलं नाही. विचारतो, "घड्याळजी पाव कापायला का उठत नाही?" मी म्हणतो, थकलाय. बाकीच्या तिघांना माहीत आहे. तिघांची पोटं खपाटीला गेलीत, पण त्या जादा तुकड्याकडे एकाचीही नजर जात नाही. अशी माणसं असतात! मी स्वतः बघतोय म्हणून, नाहीतर विश्वास बसला नसता.

१५ फेब्रुवारी

आज मेलोच होतो! म्हातारा पहारेकरी रोज दारातूनच नावं पुकारतो. आज यादी घेऊन थेट आत आला आणि घड्याळजीच्या पायाशी उभा राहून त्याचं नाव पुकारलं. माझी बोबडी वळली. तरी कुठून कोण जाणे, आवाज निघाला. "हजऽर."

म्हाताऱ्याने घड्याळजीच्या पायावर हात ठेवला. ठेवूनच उभा राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मग यादीत खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं.

शत्रूचा माणूस! वर कळलं असतं तर त्यालाच गोळी घातली असती. ही पानं गादीच्या पेंढ्यात आणखी खोल खुपसली पाहिजेत.

१९ फेब्रुवारी

ऊन पडलं. बर्फ गळायला लागला. आता झाकता येणार नाही. कळवलं. त्यांनी मृत्यूच्या कागदावर आजची तारीख घातली.

ड्रायव्हर उठून बसला. किती दिवस झाले ते त्याला आता कळलं. ढसाढसा रडला. पण उठून बसला!

२ फेब्रुवारी

एकेचाळीस वर्षांनी ही वही उघडली. सुटून आलो आणि कुलपं दुरुस्त करण्याच्या धंद्यात पडलो. बायको म्हणते, कैद्याला दुसरं काय सुचणार!

परवा ड्रायव्हर वारला. इस्पितळात माझा हात धरून म्हणाला, "अकरा दिवसांचा पाव अजून पोटात आहे, गड्या. तिला सांग." तिला म्हणजे घड्याळजीच्या मुलीला. बाप गेल्याची चुकीची तारीख ती जन्मभर धरून बसलीय आणि ती चूक माझ्या तोंडून झालेली. सुटल्यावर तिच्या आईला दोन ओळी पाठवल्या होत्या. तारीख लिहायची छाती झाली नाही. आता आईही राहिली नाही.

९ फेब्रुवारी

गेलो. बापाचं दुकान तीच चालवते. डोळ्याला भिंग लावून बसली होती. भिंतीवर वीस-बावीस घड्याळं आणि सगळ्यांत एकच वेळ! बापाचीच लेक.

बाबांबरोबर कैदेत होतो म्हटल्यावर हातातलं काम टाकून उठली. "काका, बसा ना." मग आपणहूनच म्हणाली, "मी पंधराला जन्मले, ते एकोणीसला गेले. आई म्हणायची, चार दिवस का होईना, तुम्ही बापलेक एकाच वेळी या जगात होतात. माझ्यापाशी त्यांचं म्हणून तेवढंच आहे."

तारखेचं काही सांगितलं नाही. काहीबाही बोलून, पत्ता ठेवून परत आलो.

१० फेब्रुवारी

त्या वेळचं पंधरा तारखेचं पान काढून वाचलं. म्हातारा पायाशी उभा होता तो दिवस! त्याच दिवशी ती जन्मली!

बायकोला सगळं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, "ते चार दिवस तिच्याकडून काढून घेणारे तुम्ही कोण?" मग तासाभराने भाजी चिरता चिरता, "पण अहो, मेलेल्या माणसाला अजून किती दिवस कांबळ्याखाली ठेवणार?" दोन्ही बाजू तीच मांडते. आणि दोन्ही खऱ्या!

१३ फेब्रुवारी

सांगितलं. पाव, ड्रायव्हर, म्हातारा, सगळं. ती भिंग हातात घेऊन ऐकत होती.

"म्हणजे मी आले तेव्हा ते नव्हते."

"नव्हते."

"मग त्या दिवशी त्यांच्या नावाला ओ कुणी दिली?"

"मी."

उठली आणि आत गेली. मी बसून राहिलो. वीस-बावीस घड्याळांची टिकटिक. ती काही बाहेर आली नाही. शेवटी टोपी उचलून निघालो. तिच्यापाशी होतं तेवढंही मी घेऊन आलो. स्वतःची लाज वाटते.

१४ फेब्रुवारी

काही नाही. एक साधं कुलूप दिवसभर उघडेना.

१५ फेब्रुवारी

सकाळी आठला दारात ती! आज तिचा वाढदिवस. डोळे सुजलेले. म्हणाली, "काका, त्या पहारेकऱ्यांना खरंच वाटायचं, बाबा बोलताहेत म्हणून?"

"माझ्याशेजारी झोपणाऱ्या ड्रायव्हरलासुद्धा वाटायचं."

"मी त्यांचा आवाज कधी ऐकलेला नाही," म्हणाली. खुर्ची ओढून समोर बसली आणि बापाचं नाव पुकारलं, पूर्ण, हजेरीसारखं.

मी घसा खाकरला. दोनदा.