डाळ नसलेला महिना

मैलापूर, चेन्नई,
ऑक्टोबर अखेर

प्रिय श्रीवत्स,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते. तुझे अप्पा बरे आहेत आणि मीही बरी आहे. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडायला उठतो, म्हणून गेले चार महिने मी तुझा फोन उचलला नाही आणि आज लिहायला बसले आहे. मराठी वाचायला तुला वेळ लागतो. लागू दे. श्रीरंजनीकडून वाचून घेऊ नकोस, सुनेसमोर सासूची फजिती नको.

जूनमध्ये तू ओरगडमच्या पुढच्या त्या वृद्धनिवासाचा फॉर्म घेऊन आलास. पक्षाघातानंतर अप्पांना पलंगावरून खुर्चीत घेताना माझे हात थरथरतात, तिथे नर्स चोवीस तास असतात, असं तुझं म्हणणं होतं. मी हट्टाला पेटले. अप्पांना व्यायाम द्यायला येणाऱ्या गजेंद्रला दुसऱ्याच दिवशी म्हटलं, मला ताकद पाहिजे, काय करायचं ते सांग. त्याची कचेरी रोडला छोटी जिम आहे. आता आठवड्यातून तीन दिवस, अकरा ते बारा, अप्पांचे मित्र बालाजीराव त्यांच्यापाशी पेपर वाचत बसतात आणि तुझी त्रेसष्ट वर्षांची आई सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट घालून लोखंड उचलते. शेजारी मुलं आरशात स्वतःचे दंड बघत असतात. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना, दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना.

महिन्याभराने गजेंद्रने मला काय खाता ते विचारलं. सकाळी दोन इडल्या, दुपारी भात-सांबार आणि ताक, रात्री थोडा दहीभात. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, अम्मा, भिंत बांधायला निघालात आणि विटाच नाहीत. वजन उचलणाऱ्या माणसाला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, वय झाल्यावर तर त्यात काटकसर चालतच नाही. माझं वजन चोपन्न. चाळीस वर्षं गणित शिकवलेलं डोकं, लगेच हिशेब मांडला. सत्तर-पंच्याहत्तर ग्रॅम, तेही एकदम नाही, तिन्ही जेवणांत वाटून. डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं, मूत्रपिंडं ठीक आहेत म्हणाले, खा म्हणाले. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, उकडलेल्या हरभऱ्याच्या वाटीभर सुंडलात तेवढेच, पेलाभर दुधात तेवढेच. मी खात होते जेमतेम पस्तीस. डबाभर प्रथिनांची पावडर खाल्ली की दुप्पट ताकद येते का, असंही विचारून घेतलं. नाही येत. शरीर लागेल तेवढंच घेतं आणि तेही व्यायाम केला तरच.

इथे माझी खरी अडचण सुरू झाली. मी सांगलीची. माहेरी चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडलं की झालं. तुझ्या आजीने मला या तंजावरच्या मराठी घरातले चार महिन्यांचे चार नेम शिकवले. पहिल्यात भाजी नाही, दुसऱ्यात दही नाही, तिसऱ्यात दूध नाही आणि चौथ्यात डाळ-कडधान्य काही नाही. अडतीस वर्षं मी ते अप्पांबरोबर पाळले. यंदा डॉक्टरांनी अप्पांना व्रत करायला मना केलं, तेव्हा दोघांच्या वाटचं मी एकटीने पाळायचं ठरवलं, आणि तेही काटेकोर, म्हणजे त्यांचा उजवा हात चालू लागेल. कुणी सांगितलं होतं मला? कुणी नाही. देवाशी असले सौदे बाई मनातल्या मनातच करते. अंड्याचं तर नावच नको. दूध नासवून केलेलं पनीर या घरात कधी शिजलं नाही, आणि विकतची पावडर व्रताच्या महिन्यात मला चालेना. गजेंद्रला मात्र हो, सगळं खाते, असं सांगत राहिले. शाळेत असं खोटं बोलणाऱ्या किती पोरींना मी बाकावर उभं केलं होतं.

पहिले तीन महिने रेटले. दसरा झाला आणि डाळ बंद झाली. भात, भाजी, ताक आणि दोन पेले दूध. दहाव्या दिवशी सकाळी अप्पांना उभं केलं आणि खुर्चीकडे वळताना माझ्या मांड्यांनी दगा दिला. आम्ही दोघं पलंगाला टेकून हळूहळू जमिनीवर बसलो. लागलं कुणालाच नाही, पण उठवणार कोण? बालाजीराव यायला दीड तास होता. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं मी म्हटलं आणि रडायला लागले. मग सगळं बोलून टाकलं. व्रत, हात, सौदा, सगळं. अप्पा ऐकत होते. त्यांना एकेक शब्द शोधायला किती वेळ लागतो ते तुला ठाऊक आहे. त्या दीड तासात ते जे बोलले ते सगळं मिळून एका पानावर मावेल. त्यातलं एक तुझ्याबद्दल होतं. ते शेवटी लिहिते.

बालाजीरावांनी आम्हाला उठवल्यावर अप्पांनी डाव्या हाताने तुरीच्या डाळीच्या डब्याकडे बोट दाखवलं आणि दाखवतच राहिले. मी वरण शिजवलं. त्यांनी वाटी पुढे ओढली, पहिला घास स्वतः घेतला आणि वाटी माझ्याकडे सरकवली. जन्मात ज्यांनी या महिन्यात डाळीला हात लावला नाही, त्यांनी! डॉक्टरांची परवानगी असूनही ते तोवर डाळ घेत नव्हते, वाटी तशीच परत यायची. मी मान हलवली तेव्हा म्हणाले, पोदुम. पुरे झालं. मी खाल्लं, श्रीवत्स. दोन वाट्या खाल्लं. तेव्हापासून रोज मोजून पंच्याहत्तर होतात आणि गजेंद्रला खरं सांगितलं आहे. तो रागावला आणि मग त्याने मला अप्पांना नीट पकडायला शिकवलं. उचलायचं नसतं, त्यांचं वजन आपल्या पायांवर घ्यायचं असतं.

आता हे पत्र का. त्या दिवशी जमिनीवर बसून अप्पांनी मला सांगितलं की निवासाची गोष्ट तुझी नव्हतीच. माझे हात थरथरलेले त्यांना कळत होते. त्यांनीच तुला फॉर्म आणायला लावला आणि आईला माझं नाव सांगायचं नाही अशी शपथ घातली. आणि मी तुला म्हटलं होतं की ज्याला बापाचं ओझं झालं त्या मुलाने या घरात पुन्हा येऊ नये. तू शपथ पाळलीस, चपला घातल्यास आणि गेलास. माझं चुकलं, बाळा. आई म्हणून चुकलं, आणि आईला हे म्हणायला इतके दिवस लागले, तेही चुकलं. फॉर्म मी फाडलेला नाही. पोंगलपर्यंत बघू, असं अप्पांनी आणि मी ठरवलं आहे. नाही जमलं तर सही मी करीन आणि तुझ्यावर राग धरणार नाही. पण या रविवारी ये. अप्पांचं दिवाळीचं अभ्यंग राहिलं आहे, न्हाणीघराच्या पायरीवरून त्यांना न्यायचं आहे. एका बाजूने मी धरीन, दुसऱ्या बाजूने तू धर.

तुझीच,
आई