दोन डावे पंख

पप्पा, मी तुमच्यावर भडकलोय, आणि भांडायला तुम्ही नाही. नऊ वर्षं झाली तुम्हाला जाऊन. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं आई म्हणते. गेलेला माणूस असताना खोटं बोलला असेल तर काय करायचं, ते ती सांगत नाही. तुमचं विमान मी माळ्यावरून खाली काढलं. कॉलेज सोडून घरी बसलोय, हात रिकामे, डोकं त्याहून रिकामं. उल्हासनगरला कॅम्प पाचमधली एक मुलगी आहे, तिच्या पप्पांचं जीन्स शिवायचं युनिट आहे. घरचे तिला मुलं दाखवतायत आणि ती माझ्यासाठी एकेकाला नाही म्हणतेय. तिच्यासमोर एक तरी गोष्ट पूर्ण करून ठेवावी म्हणून मी तुमच्या त्या गाठोड्याला हात लावला. हात लावायची बंदी तुमचीच होती, लक्षात आहे ना?

दहा वर्षांपूर्वीचा रविवार आहे. आपल्या चामटोलीच्या घरात दोन मीटरचं विमान मांडण्याइतकी सपाट जागा एकच, स्वयंपाकघराची लादी. आई भाकरी थापतेय ती कोपऱ्यात अंग चोरून, कारण बाकीच्या लादीवर तुम्ही प्लायवूड टाकून त्यावर प्लॅन पसरलाय. प्लॅनवर बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, पट्ट्यांवर टाचण्या, आणि तुम्ही गुडघ्यांवर वाकून एकेक सांधा डोळ्याजवळ नेऊन बघताय. हवेत कोलांट्या मारणारं, उलटं पडून उडणारं, पेट्रोलच्या इंजिनाचं, रिमोटवरचं विमान. आख्ख्या आनंदनगरच्या कारखान्यांमध्ये तुमच्यासारखा पॅटर्नमेकर नव्हता, असं तुमच्याबरोबरचे लोक अजून सांगतात. लोखंड ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना तुम्ही करायचात, दोन अर्धुकं, एकमेकांची आरशातली रूपं, मिटवली की केस जाणार नाही मधे. तुम्ही हसताना दिसायचात ते फक्त त्या लाकडाकडे बघून. माझ्याकडे बघून कधी हसल्याचं आठवत नाही, आणि हे मी रडत नाही सांगत, भांडणात सांगतोय.

त्या दिवशी मी पाण्याला म्हणून आत आलो आणि शेपटावर पाय पडला. कट्‌ असा बारीक आवाज. तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. "आंधळा आहेस का रे? जा, बाहेर हो," एवढंच बोललात. महिनाभराने अर्धवट विमान आईच्या जुन्या साडीत बांधून माळ्यावर गेलं, आणि कोणी विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "साहेबांनी पाय दिला ना, राहिलं मग." काकांना तर तेवढंच पाहिजे होतं. "काय रं, पायगुन तुझा!" पायगुण नव्या सुनेचा बघतात, पाळण्यातल्या पोराचा बघतात. माझा बारा वर्षांचा असताना निघाला. पुढच्या वर्षी तुम्ही ताप अंगावर काढलात आणि गेलात, तेव्हा दहाव्याच्या जेवणात आत्या पदराआडून हाच शब्द बोलली. तिला वाटलं मी ऐकलं नाही. मी वाढत होतो, पप्पा, हातात भाताचं पातेलं होतं.

आता ऐका. चार महिने खपून मी मधलं धड बांधलं, इंजिन बसवलं आणि तुमचे दोन्ही पंख लावायला घेतले. डावा बसला. दुसरा लावला तर त्याची पुढची गोल कड मागे. दोन्ही पंख डावे! प्लॅनवर डावाच पंख काढलेला असतो. उजव्यासाठी कागदाला तेल चोळायचं आणि तो पालथा घालायचा, म्हणजे रेघा मागून दिसतात. हे तर मीसुद्धा मोबाईलवर बघून शिकलो. आणि तुम्ही, जन्मभर आरशातली अर्धुकं करणारे, त्याच कागदावर त्याच बाजूने दोनदा पंख बांधलेत. इथपर्यंत मला हसू येत होतं. मग दुसऱ्या पंखाच्या मुळाशी पेन्सिलीने तुमच्या अक्षरात दिसलं, "उलटा झाला", खाली दोन रेघा. आणि गाठोड्यातलं शेपूट उजेडात धरलं तर मी मोडलेला भाग जोडलेला. इतका सफाईने की नखाने चाचपावा लागला. म्हणजे माझ्या पायाने काहीही राहिलं नव्हतं! शेपूट तुम्ही दुरुस्त केलंत, मग दोन्ही पंख शेजारी ठेवून बघितलेत, चूक कळली, आणि साडी मागितलीत. आणि सगळ्या गावाला सांगितलंत की साहेबांनी पाय दिला.

उल्हासनगरहून ती आली तेव्हा दोन्ही पंख खाटेवर होते आणि मी तोंड पाडून बसलेलो. तिने बघितलं आणि फिसकन हसली. "दोन्ही लेफ्ट? अरे, आमच्या कटिंग मास्टरने सेम केलं होतं. कापड सगळं एकाच बाजूने अंथरलं, डावेच पाय निघाले जीन्सचे. पप्पांनी अशा शिव्या घातल्या ना!"

"मग काय केलं?"

"काय करणार? जीन्सची उलटी बाजू पांढरी असते, फेकलं सगळं." तिने पंख उचलून खालून-वरून हात फिरवला. "पण हा तर दोन्हीकडून सेम आहे. पलट ना याला."

तिने पालथा धरला. गोल कड पुढे आली. उजवा पंख झाला. कोलांट्या मारणारं विमान उलटंही तसंच उडायला हवं, म्हणून त्याचा पंख वरून-खालून सारखाच असतो, हे तुम्हाला माहीत होतं, पप्पा. पालथा घालायचा, बस्स. मागची पट्टी हलवणाऱ्या मोटरची खाच तेवढी खाली यायची ती वर आली असती, चारचौघांना दिसली असती. तेवढं दिसू नये म्हणून तुम्ही माझा पाय पुढे केलात.

मी खोलीभर ओरडत सुटलो. तुम्हाला नको ते बोललो. आई आतून "अरे हळू" म्हणत होती. त्या मुलीने मला ओरडू दिलं आणि मग म्हणाली, "झालं तुझं? आता मी बोलू? तूपण ठेवलंयस ना माझ्या डोक्यावर. कॉलेज."

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं? तूच बोललास ना, माझ्या टेन्शनमध्ये सुटलं म्हणून. दोन वर्षं घरी भांडतेय मी. का माहितीये? मला वाटतं, मी तुझी वाट लावली, आता मीच सोडून गेले तर कसं होईल याचं." तिने हेल्मेट उचललं. रविवारी वांगणीला मोकळ्या माळावर मी विमान उडवणार आहे, तिथे येते म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्याचीच मला भीती वाटली.

पंख मी पालथाच बसवलाय. खाच वर आहे, बुजवलेली नाही. कोणी विचारलं तर तुमची चूक म्हणून मोठ्याने सांगणार, सोडणार नाही तुम्हाला. पण नापास विषयांच्या चार केट्या मला तिची ओळख होण्याआधीच लागल्या होत्या, पप्पा. तिच्यामुळे काहीच सुटलं नाही. हे कळलं की मला धरून ठेवायचं तिला कारण उरत नाही, आणि मग ती राहते की जाते ते मला माहीत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. ते चार केट्यांचं वाक्य तिच्यासमोर बोलायच्या आधी कुठेतरी लिहून बघायचं होतं, आणि तुम्ही उलटून काही विचारणार नव्हतात.