खुशबू डावीकडे का पाहते

२ डिसेंबर, सकाळ
आजपासून रोज डायरी. मोठे डायरेक्टर लिहितात. पंधरा वर्षं लोकांच्या लग्नांचं शूटिंग केलं, पुरे झालं. आता पिक्चर. लाल टोपीवाली पोरगी, आजी, जंगल आणि लांडगा, ती परदेशातली गोष्ट. आपल्याकडे पोरी टोपी घालत नाहीत, म्हणून नाव ‘लाल ओढणी’. हिरोईन घरचीच, माझी खुशबू, वय नऊ. शाळेत कळवलं, ताप आहे. लांडगा शेजारचा इश्वर, दोन घोंगड्या आणि मुखवटा. संक्रांतीला सानगडीत पडदा लावून दाखवणार.

३ डिसेंबर
लोकेशन फिक्स. एकोडीच्या पुढे जंगलाला लागून एक बोडी आहे, छोटं तळंच, तिची पाळ म्हणजे मातीचा बांध. तळ्याचं पाणी फुकट, धुकं फुकट. फॉरेस्ट गार्डने अडवलं. म्हणे, धान कापून झालं, डुकरं इकडे सरकली, त्यांच्या मागं वाघ येऊन राहिला, परवा पाळीवर पंजे दिसले. मी म्हटलं, आमचा लांडग्याचा पिक्चर आहे. त्याने माझं नाव आणि घरचा पत्ता वहीत लिहून घेतला. कलेची जाण नाही.
घरी कामिनीचंही तेच. म्हणे, तुमाले जायचं तं जा, पोरीले कायले नेता? बायकोशी यापुढे फक्त स्वयंपाकाबद्दल बोलायचं, असं ठरवलं.

५ डिसेंबर
पहिला दिवस. टेकचंदला प्रॉम्प्टर घेतलं. झाडीपट्टीच्या नाटकांत वीस वर्षं विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवली त्याने. तो झुडपाआड बसतो, हळूच वाक्य सांगतो, खुशबू मोठ्याने म्हणते. नियम: काका सांगतील तेच, अक्षर कमीजास्त नाही. त्याची कुजबुजही रेकॉर्ड होऊन राहिली. नंतर पुसू.
खुशबूने एक शॉट असा दिला की माझ्या अंगावर काटा आला. आजीच्या घराकडे चालता चालता थांबली, डावीकडच्या झुडपांकडे पाहिलं, चेहरा पांढराफटक. म्हणाली, बाबा, तिकडं कोणी बसून हाये. स्क्रिप्टमध्ये नव्हतं. मी म्हटलं, वा बेटा, असंच करत जा. माझ्यावर गेली आहे.

७ डिसेंबर
इश्वर पळाला. त्याची बकरी गेली, नुसती गळ्यातली घंटी पाळीजवळ सापडली. जाता जाता म्हणाला, कैलाशभाऊ, आता तरी आयका. बकरीपायी कोणी करिअर सोडते काय? लांडगा आता मीच. कॅमेरा स्टँडवर.
माकडं एकाएकी ओरडली आणि मग सगळी गप्प झाली. पाखरंही. नॅचरल साऊंड, पैसे देऊनही मिळत नाही. खुशबूने पुन्हा डावीकडे पाहिलं. तेच तेच होऊन राहिलं, समजावलं पाहिजे.

८ डिसेंबर
खुशबू जेवली नाही. म्हणे, मले पिक्चर नाही पाहिजे, मी शाळेतच जातो. कामिनी दारात आडवी उभी राहिली. मी सांगितलं, उद्या शेवटचा सीन. शेवटचा म्हटलं की कोणी अडवत नाही.

९ डिसेंबर, सकाळी नऊ
डोकं फिरलं आहे. सीन वाया. मी मुखवटा घालून, घोंगड्या पांघरून चार पायांवर. खुशबूने विचारायचं, आजी, तुझे दात एवढे मोठे काहून? ती म्हणाली, बाबा, मागं पाहू नका, हळूहळू इकडं या. मी कट म्हटलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. लांडग्याला बाबा कोण म्हणते? नियम पक्का होता, म्हणजे चूक टेकचंदची. म्हाताऱ्याने भलतंच पान उघडलं असणार. त्याला झापायला निघालो, पण मुखवट्यातून धड दिसत नव्हतं, म्हणून पाऊल मोजत गेलो. त्याने एका हाताने मला धरलं, दुसऱ्याने खुशबूला, आणि सरळ गाडीत. कॅमेरा तिथेच. पॅकअप करायचा अधिकार प्रॉम्प्टरला कोणी दिला? घरापर्यंत एक शब्द बोलला नाही, दात वाजत होते. थंडी आहेच.
खुशबूला पाठांतर नाही, ही खरी अडचण.

१० डिसेंबर
काल दुपारी गार्डने कॅमेरा आणून दिला. बॅटरी संपेपर्यंत चालूच होता. फुटेज पाहिलं.
मी चार पायांवर. माझ्या मागे, डावीकडच्या झुडपात, दहा हातांवर वाघ. आधी बसलेला. नंतर उभा.
पाच तारखेचं फुटेज लावलं. सात तारखेचं लावलं. एका शॉटमध्ये गवताच्या वर दोन कान दिसतात. मी त्याखाली ‘बेस्ट टेक’ असं लिहून ठेवलं होतं.
टेकचंदची कुजबुज पुसायची राहिली होती, म्हणून ऐकू आली. तो तिन्ही वेळा म्हणतो, खुशबू, मागं मागं सरक, तू इकडं ये. आणि ती जागची हलत नाही. माझ्याकडे पाहून म्हणते, बाबा, मागं पाहू नका, हळूहळू इकडं या.
तिला विचारलं, काकांचं काहून नाही ऐकलं? म्हणाली, ते मलेच बोलावत होते, तुमी तिथंच राहिले असते.
कामिनीने लाल ओढणी चुलीत घातली. मी अडवलं नाही.
उद्यापासून खुशबूला रोज शाळेत मी सोडणार, असं ठरवलं. तिला सांगितलं. म्हणाली, नाही, मी आईसंगं जातो.