निळ्या कपड्याखालचा बॉक्स

९ एप्रिल

बॉक्स वाचला! स्पीकरचा कागदी कोन फाटला नाही, फक्त कड सुटली होती. रबर सोल्युशनने चिकटवली आणि उद्यापर्यंत हात लावायचा नाही असं पप्पांना बजावलं. तासाभरात बघते तर बोट लावून बघून राहिले होते!

काल कनेरगाव नाक्याला निवेदकाने चालू कार्यक्रमात मोठ्या ड्रमच्या माईकची वायर उपसली. का, तर त्याचा स्वतःचा माईक बंद पडला म्हणून. धप्प! सगळा दणका पप्पांच्या पाठीमागच्या बेस बॉक्सला बसला. लोकांसाठीचे बॉक्स वेगळे असतात, हा फक्त पप्पांसाठी — आपण काय वाजवतोय ते त्यांना कळावं म्हणून. वरून तो शहाणा मलाच म्हणतो, मॅडम, तुमचा आवाज फाटून राहिला.

सीझन आत्ता कुठे सुरू झाला. जयंती चौदाला, पण गावोगावचे भीमगीतांचे कार्यक्रम मे संपेपर्यंत चालतात. आई गाणार, माझा भाऊ आयुष कीबोर्डवर, पप्पा ड्रमवर, मी मिक्सरवर. हा बॉक्स जळाला तर पप्पा वाजवणार नाहीत, आणि पप्पा नाहीत तर आमची गायन पार्टीच नाही. दुसरा ड्रमर बघू म्हणायची घरात कुणाची छाती नाही. माझीही नाही.

११ एप्रिल

नियम लिहिले. वायरच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवले. चालू करताना अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. चालू असताना वायर ओढेल त्याला कार्यक्रमातून हाकलणार. बॉक्सवर पाण्याची बाटली, चहा, हार, कुणाचं लेकरू, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. बॉक्सला टेकायचं नाही.

शेवटचा नियम खास पप्पांसाठी. स्टूल सरकवत सरकवत मागे नेतात आणि पाठ लावून बसतात. कोपऱ्याचा रंग त्यांनीच घालवला.

वाचून म्हणाले, "शाळा उघडली का गं माय?"

१५ एप्रिल

काल जयंती. आज फक्त झोपले. बॉक्स ठणठणीत.

१८ एप्रिल

भांडण! पप्पा गाण्यागणिक काडी वर करतात — बेस वाढव. किती वाढवू? लाल दिवा लागायला लागला. मी आवाजाला हद्द घालून टाकली आणि अ‍ॅम्पच्या बटणावर टेप मारली. तरी यांचं आपलं एकच, बेस येऊन नाही राहिला. मी बॉक्ससमोर उभी राहिले तर माझी ओढणी फडफडत होती!

आयुष म्हणाला, हेडफोन द्या त्यांना, बॉक्स घरी ठेवू. चांगली कल्पना. पप्पांनी दोन मिनिटं घातले आणि काढून ठेवले. म्हणे कानात उंदीर फिरल्यावानी वाटतं. हट्टी माणूस. आई हाक मारते तेव्हा ओ देत नाहीत, मी कोण लागून गेले?

आईलाही बोलून घेतलं. गाताना सारखी ड्रमकडे वळते. मग तिच्या माईकमध्ये झांजा शिरतात. लोकांकडे तोंड करून गा म्हटलं, पप्पा कुठे पळून चाललेत का? लाजली चक्क. या वयात!

२२ एप्रिल

बॉक्सला कपडा शिवला. जयंतीच्या पताकांचा उरलेलं निळं कापड, चारी बाजूंनी पिवळी किनार. टेम्पोतली धूळ आता काय करते बघू. पहिल्यांदाच माझी शिलाई सरळ आली. आई म्हणाली, नवरीला बी इतकं झाकत न्हाईत.

२६ एप्रिल

काल हट्टा गावात कार्यक्रम. हसावं की रडावं!

सामान लावून आम्ही महिला मंडळाच्या जनकाबाईंकडे चहाला गेलो. परत येतो तर माझ्या बॉक्सवर दोन प्रतिमा, फुलं, मेणबत्त्या! मंडळाच्या बायकांना वाटलं, कलाकारांनी वंदनेसाठी स्वतःचं टेबल आणलं. जनकाबाई तर माझं कौतुक करायला लागल्या, काय सुंदर किनार लावली म्हणून. पाहुण्यांचे हार घालून झालेले, वंदना सुरू. आता प्रतिमा उचला कोण म्हणणार? आणि खालून बेस सोडला तर मेणबत्त्या कपड्यावर.

पप्पाच म्हणाले, "राहू दे. आज न्हाई लावायचा."

खरं सांगते, मला बरं वाटलं. बॉक्सला एक दिवस सुट्टी.

दोन गाणी पार पडली. तिसऱ्याला आई रंगात आली. माझं ऐकून लोकांकडे तोंड करून गात होती. एक ओळ लांबवली, आयुष थांबला — आणि पप्पा थांबलेच नाहीत! एकटेच पुढे गेले. आई धृपदावर परत आली तेव्हा ताल दुसरीकडेच. इतक्या वर्षांत असं एकदाही झालं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण आईचा चेहरा उतरला. चौथ्या गाण्याआधी पप्पांनी चपला काढल्या आणि अनवाणी पाय स्टेजच्या फळीवर घट्ट ठेवले.

२७ एप्रिल

सकाळी पप्पा अंगणात ड्रमचे पाय पुसत बसले होते. मी मागून विचारलं, चहा घेता का? पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा जोरात. मग मी समोर जाऊन बसले, तेव्हा पप्पा दचकले.

शेवटी कबूल केलं. उजवा कान तीन वर्षांपूर्वीच गेला. डावा थोडा आहे. बेस ते पाठीने ऐकतात, बॉक्स नसला तर पायांनी.

"मला काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर बटणाला मारली तशी मला बी टेप मारली असती तू."

मला रडू आलं. मी बॉक्स जपत होते, आणि त्या बॉक्सला टेकून माझा बाप असा बसला होता. पुढच्या मंगळवारी कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं कबूल करून घेतलं. त्यांनी माझ्याकडून एकच कबूल करून घेतलं — आईला सांगायचं नाही, तिचं गाणं बिघडेल.

२८ एप्रिल

शेवटचा नियम खोडला. बॉक्सला पाठ टेकायला गादी शिवायला घेतली आहे.

३० एप्रिल

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आईला सांगून टाकलं. ती तूर निवडत होती, मान वर केली नाही.

"मंग तीन साल झाले मी त्यांच्याकडं वळून काहून गाऊन राहिले, तुला काय वाटलं?"

पप्पांना मात्र सांगू नको म्हणाली.